टॉवेलवरचं हिरवं पान

सोलापुरात टेरी टॉवेलची लेबलं करणाऱ्याला एक वाक्य हमखास ऐकावं लागतं. नाव बसलं, माप बसलं, 'शंभर टक्के कॉटन' बसलं, की मालक स्क्रीनवर बोट ठेवतात, "त्या कोपऱ्यात एक हिरवं पान टाका की वो. काय जातंय?" जात काहीच नाही. पान काढायला दहा मिनिटं पुरतात. मीही अशी कैक पानं टाकली आहेत आणि ती कशाची, हे कुणाला विचारलेलं नाही.

आता विचारावं लागेल. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं पर्यावरणाविषयीच्या फसव्या दाव्यांवर मार्गदर्शक तत्त्वं काढली. दिशाभूल करणाऱ्या शब्दांबरोबर चिन्हं आणि चित्रंही त्यात धरली आहेत. जबाबदारी उत्पादकाची आहेच, शिवाय जाहिरात संस्थेचीही आहे. म्हणजे पान काढणाराही सुटत नाही. नियम नवा असला तरी त्यामागचा वाद साठ वर्षांचा आहे, आणि त्यातला सगळ्यात गाजलेला शब्द जन्मला तो टॉवेलवरून.

१९८० च्या दशकात जे वेस्टरवेल्ड नावाचा अमेरिकी तरुण फिजीतल्या एका रिसॉर्टवर गेला होता. तिथं त्याला एक चिठ्ठी दिसली: समुद्र आणि प्रवाळ वाचवायचे असतील तर टॉवेल पुन्हा वापरा. तेच रिसॉर्ट त्या वेळी बेटावर आणखी खोल्या बांधत होतं. धुलाईचा खर्च वाचणार हॉटेलचा, पुण्य मात्र निसर्गाच्या नावावर. १९८६ मध्ये त्यानं हा प्रकार लिहून काढला आणि त्याला शब्द दिला, ग्रीनवॉशिंग. आपण साधं म्हणू, हिरवी सफेदी. हॉटेलांचे टॉवेल विणणाऱ्या गावानं तरी ही कहाणी पाठ करून ठेवायला हवी.

ती चिठ्ठीही कुणीतरी डिझाइन केलेली असणार. त्या माणसाचं काही चुकलं का, हा प्रश्न त्याच्याही आधीचा. १९६४ मध्ये लंडनच्या केन गार्लंड या डिझायनरनं आपल्या काही सहकाऱ्यांच्या सह्यांनिशी एक जाहीरनामा काढला. मांजराचं खाणं, पट्ट्यापट्ट्यांची टूथपेस्ट, केस उगवायची औषधं खपवण्यात आमची हातोटी फुकट चालली आहे, असं त्यात सरळ लिहिलं होतं. २००० मध्ये तो नव्यानं निघाला, तेव्हा सह्या तेहतीस होत्या. जाहिरातीच्या धंद्यावर त्याचा किती परिणाम झाला ते दिसतंच आहे.

आपल्याकडे सुरुवात वेगळ्या सुरात झाली. सरकारच्या बोलावण्यावरून चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकी डिझायनर जोडपं भारतभर फिरलं आणि १९५८ मध्ये त्यांनी अहवाल दिला. त्यातून १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. अहवालात त्यांनी सगळ्यात जास्त कौतुक केलं ते लोट्याचं. पाणी किती मावतं, कमरेवर कसा बसतो, ओतताना धार कशी पडते, इथपासून मोडीत त्याचं मोल काय येईल इथपर्यंत प्रश्न त्यांनी मांडले. तो मोडीचा प्रश्न मला फार आवडतो. वस्तू विकली गेल्यावर तिचं पुढं काय होतं, हे आमच्या धंद्यात कुणी विचारत नाही.

हवामानबदलाच्या बाबतीत डिझाइनचा सगळ्यात ठसठशीत नमुना तेल कंपनीचा. २००० मध्ये बीपीनं जुनी ढाल टाकून हिरवं-पिवळं सूर्यफुलासारखं बोधचिन्ह घेतलं, लँडोर या संस्थेनं केलेलं. सोबत 'पेट्रोलियमच्या पलीकडे' ही ओळ. काही वर्षांत याच कंपनीनं लोकांना स्वतःचा 'कार्बन फूटप्रिंट', म्हणजे आपल्या वागण्यातून हवेत किती कार्बन जातो ते, मोजायचं गणित दिलं. कल्पना मूळची अभ्यासकांची, पण घरोघरी पोचवली ती जाहिरातीनं. हिशेब तेलाच्या विहिरीवरून उचलला आणि तुमच्या-माझ्या गिझरवर आणून ठेवला. २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात त्यांच्या विहिरीवर स्फोट होऊन अकरा माणसं गेली. बोधचिन्ह तेच राहिलं. कारागिरी म्हणून ते आजही उत्तम आहे, आणि अडचण तीच आहे.

भारतात कंपन्यांच्या जबाबदारीला कायद्याचं रूप आलं २०१३ च्या कंपनी कायद्यानं, कलम १३५. निव्वळ नफा पाच कोटी, उलाढाल हजार कोटी किंवा नक्त मूल्य पाचशे कोटी, यांपैकी एक जरी असलं तर तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के समाजकार्यावर. आमचे बहुतेक यंत्रमाग कारखाने या उंबऱ्यापर्यंत पोचतच नाहीत. पण मेख दुसरीकडेच आहे. धंद्याच्या नेहमीच्या कामावरचा खर्च यात धरत नाहीत. म्हणजे शाळेला झाडं दिली तर हिशेबात येतात, पण स्वतःच्या रंगाईचं पाणी स्वच्छ करणं हे यातलं काम नाही. सोलापूरला हे नवं नाही. १८७७ मध्ये सुरू झालेल्या जुन्या मिलच्या काळापासून शेटजींचं दान एका वहीत आणि कारखान्याचा धूर दुसऱ्या वहीत, अशीच रीत.

मग डिझाइन करणाऱ्याच्या हातात काय असतं? लेबलाच्या बरंच आधी, पुष्कळ. टेरीच्या मागावर ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे, दोन बीम असतात, एक पायाचा, दुसरा लूपचा, म्हणजे टॉवेलवर उभ्या राहणाऱ्या फासांचा. लूप किती उंच ठेवायचा, हे ठरवलं की टॉवेलचं वजन ठरतं. वजन वाढलं की तो हाताला गुबगुबीत लागतो, पाणी जास्त पितो आणि वाळायला वेळ घेतो. ज्या देशात दोरीवर वाळत घालत नाहीत, ड्रायरमध्ये टाकतात, तिथं दर धुण्याला ती वीज मोजावी लागते.

दुसरा निर्णय रंगाचा. सुतावर घट्ट बसणारे रिअॅक्टिव्ह रंग १९५६ पासून बाजारात आले. ते सगळे धाग्यावर चढत नाहीत. उरलेला रंग धुण्यात जातो, आणि गडद छटेला लिटरमागे साठ-ऐंशी ग्रॅमपर्यंत मीठ लागतं. साध्या प्रक्रियेनं ते मीठ पाण्यातून निघत नाही. कॅटलॉगमध्ये 'मिडनाइट नेव्ही' लिहिणाऱ्याला हे ठाऊक नसतं. जिथं नळ काही दिवसांआड येतो आणि उजनी धरणाची टक्केवारी रोज वाचली जाते, त्या गावात बसून तो हे लिहितो. आणि त्या गडद टॉवेलच्या कोपऱ्यात पान मात्र पोपटी.

मध्यंतरी एका मालकांना विचारलं, "पान कशाचं टाकायचं, कागद आहे का काही? डाईंगवाल्याचा, सुताचा?" ते हसले. "कागद कुठला वो, सगळेच टाकतात." थोडं थांबून म्हणाले, "मग तिथं काय टाकायचं? जागा रिकामी दिसती."

त्या जागी धुण्याची सूचना बसवली: थंड पाण्यात धुवा, उन्हात वाळवा. मालकांनी वाचलं आणि पत्र्याकडं बघितलं. एप्रिल चालू होता. म्हणाले, "उन्हाला कागद लागत नाही ना?"