५० पिकोग्रॅमचा खटला

ऑलिंपिकच्या जलतरण तलावात साधारण २५ लाख लिटर पाणी मावतं. त्यात ग्रॅमचा आठवा हिस्सा साखर टाका, म्हणजे चिमूटभरही नाही. एवढ्याच विरळ प्रमाणात क्लेनब्युटेरॉल हे खेळात बंदी असलेलं औषध २१ जुलै २०१० रोजी अल्बेर्तो कोन्तादोर या स्पॅनिश सायकलपटूच्या लघवीत सापडलं: एका मिलिलिटरमागे ५० पिकोग्रॅम (पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा लाख कोटीवा हिस्सा). त्या वर्षीची 'तूर द फ्रान्स' ही सायकल शर्यत त्यानं जिंकली होती. आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादानं २०१२ मध्ये ते विजेतेपद काढून घेतलं आणि दोन वर्षांची बंदी घातली.

हे पकडणारं यंत्र म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटर. लघवीतले घटक आधी एका नळीतून वेगवेगळे केले जातात. मग रेणूंवर विद्युतभार चढवून ते फोडतात आणि तुकड्यांचं वजन करतात. कुठल्या रेणूचे कुठले तुकडे पडतात हे ठरलेलं असतं, त्यामुळे 'हे क्लेनब्युटेरॉलच का?' या प्रश्नावर वाद फारसा राहत नाही. वाद असतो तो पुढच्या प्रश्नावर. शरीरातलं औषध ठरावीक वेळानं निम्मं, मग त्याच्याही निम्मं होत जातं. म्हणजे ५० पिकोग्रॅम हे बऱ्याच दिवसांपूर्वी मुद्दाम घेतलेल्या मोठ्या डोसाचं शेपूट असू शकतं, किंवा काल रात्रीच्या जेवणातून आलेला कण. आकडा एकच, कथा दोन. एका नमुन्यावरून यंत्र त्यातली एक निवडू शकत नाही.

कोन्तादोरची कथा मांसाची होती. जनावरं चरबी कमी आणि मांस जास्त धरावीत म्हणून काही ठिकाणी त्यांना चोरून क्लेनब्युटेरॉल देतात. युरोपात असं मांस मिळणं अवघड, तेव्हा दूषित पूरक आहारातून ते आलं असण्याची शक्यता जास्त, असं लवादाला वाटलं. तो धुतल्या तांदळासारखा होता असं मला म्हणायचं नाही. पण 'वाडा' या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेनं तेव्हा प्रयोगशाळांकडून जेवढी तीक्ष्ण नजर मागितली होती, त्याच्या चाळीसपट तीक्ष्ण नजर जर्मनीतल्या कोलोनच्या यंत्राला होती. कमी ताकदीच्या यंत्रावर तोच नमुना बिनबोभाट सुटला असता.

आता मेक्सिको. २०११ मध्ये तिथं १७ वर्षांखालील मुलांचा फुटबॉल विश्वचषक झाला. २०८ नमुन्यांपैकी १०९ मध्ये क्लेनब्युटेरॉल निघालं. एवढी पोरं एकदम लबाड कशी असतील? दोष तिथल्या मांसाचा ठरला, शिक्षा कुणालाच झाली नाही. २०१९ मध्ये वाडानं नियम बदलला: मिलिलिटरमागे ५ नॅनोग्रॅमपर्यंत, म्हणजे ५,००० पिकोग्रॅमपर्यंत, क्लेनब्युटेरॉल सापडलं तर थेट दोषी धरायचं नाही, आधी मांसाची शक्यता तपासायची. कोन्तादोरचा आकडा या मर्यादेच्या शंभराव्या हिश्श्याइतका होता.

मूळ नियम मात्र कायम आहे: शरीरात सापडलं की जबाबदारी खेळाडूची. त्याला कारणही आहे. हेतू सिद्ध करत बसलं तर कुणीच सापडायचा नाही. पण मग 'कसं गेलं' हे शोधायचं ओझं खेळाडूवर येतं, आणि त्याला वकील, तज्ज्ञ, वेळ लागतो.

आपला नरसिंग यादव आठवतो? तीन वेळा महाराष्ट्र केसरी. रिओ ऑलिंपिकच्या तोंडावर त्याच्या नमुन्यात मेथॅन्डिएनोन हे स्टेरॉइड निघालं. माझ्या खाण्यापिण्यात कुणीतरी कालवलं, असं तो म्हणाला. भारताच्या 'नाडा' या उत्तेजकविरोधी संस्थेनं त्याला सोडलं, वाडानं लवादात आव्हान दिलं. तिथं तज्ज्ञांनी सांगितलं की एवढं प्रमाण पाण्यात भुकटी मिसळून येणार नाही, गोळीच पोटात गेली असावी. १८ ऑगस्ट २०१६ ला, कुस्तीच्या आदल्या दिवशी, चार वर्षांची बंदी आली. कालवलं कुणी आणि कसं, याचा पुरावा तो देऊ शकला नाही.

टेनिसमधला आघाडीचा खेळाडू यानिक सिनर याच्या शरीरात २०२४ मध्ये क्लोस्टेबॉल हे स्टेरॉइड सापडलं. मालीश करणाऱ्यानं स्वतःच्या कापलेल्या बोटाला मारलेल्या स्प्रेमधून ते आलं, हे त्याच्या पथकाकडून चटकन पुढे आलं आणि तात्पुरतं निलंबन काही दिवसांत उठलं. शेवटी वाडाशी तडजोड होऊन तीन महिन्यांची बंदी झाली, तीही अशा महिन्यांत की एकही ग्रँड स्लॅम चुकली नाही. त्याची कथा मला पटते. पण ती इतक्या लवकर मांडता येणं हे आघाडीच्या खेळाडूलाच परवडतं.

आणि चीन. जानेवारी २०२१ मध्ये तिथले २३ जलतरणपटू ट्रायमेटाझिडीनच्या चाचणीत सापडले. छातीतल्या कळेवरचं हे औषध. त्यांना तात्पुरतं निलंबनसुद्धा झालं नाही. हॉटेलच्या स्वयंपाकघरातून अन्न दूषित झालं, असा चिनी चौकशीचा निष्कर्ष. वाडानं तो मान्य केला, आव्हान दिलं नाही. जगाला हे कळलं २०२४ मध्ये, पत्रकारांमुळे. मग अमेरिकेनं वाडाची ३६ लाख डॉलरची वर्गणी अडवली. यात खेळाडूंची कणव किती आणि चीनशी असलेली चुरस किती, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

चौकशी करणाऱ्यांना दोन महिन्यांहून अधिक काळानंतरही त्या स्वयंपाकघरात औषधाचे अंश मिळाले: मसाल्याच्या डब्यांत, धुराड्यावर, मोरीत. हृदयाचं औषध तिथं पोचलं कसं, हे मात्र त्या अहवालात नाही. नरसिंगला नेमकं हेच विचारलं होतं.