पुरात सुटलेलं मँडोलिन

२०१९च्या ऑगस्टात सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा गावभागातल्या आमच्या घरात माळा सोडला तर कोरडं असं काही उरलं नाही. पाणी ओसरल्यावर चिखल उपसताना कपाटाखालून काकांच्या मँडोलिनची पेटी निघाली. उघडून बघतो तर आत मँडोलिन नव्हतं, त्याचे सुटे भाग होते. पाठ वेगळी, तबली म्हणजे वरची पातळ फळी वेगळी, कडेच्या वाकवलेल्या पट्ट्या वेगळ्या, दांडी वेगळी आणि आठ तारांचा गुंतवळा. गंमत म्हणजे एकही फळी मोडली नव्हती. कुणी तरी निवांत बसून वाद्य उकलून ठेवावं तसं.

हे सगळं पिशवीत भरून मिरजेला सतारमेकर गल्लीत नेलं. कारागीर हसतील अशी माझी तयारी होती. त्यांनी एक पट्टी उचलली, जोडाच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, सरस आहे, म्हणजे जुळेल.

सरस म्हणजे जनावरांची कातडी आणि हाडं उकळून काढलेला चिकट पदार्थ. कातडीत कोलाजेन नावाचं प्रथिन असतं. तीन पदरी दोरीसारखे त्याचे रेणू पाण्यात उकळल्यावर उलगडतात आणि त्यांचं जिलेटिन होतं. हे गरम गरम लाकडाला लावलं की रंध्रांत शिरतं, आणि वाळताना आकसून दोन्ही फळ्या जवळ ओढून घेतं. जोड वाळला की पक्का. पण पाणी आणि ऊब मिळाली की तोच सरस पुन्हा फुगतो, मऊ पडतो आणि सोडतो. हल्लीच्या पांढऱ्या गोंदाचे किंवा इपॉक्सीचे जोड इतक्या सहज सुटत नाहीत. तिथे जबरदस्ती केली तर गोंदाऐवजी लाकूडच फाटतं. सरसाचा हा कच्चेपणा वाद्य करणाऱ्यांना हवाच असतो. कडक उन्हाळ्यात लाकूड आकसलं की ताण जोडावर यावा, फळीला तडा जाऊ नये. जोड परत लावता येतो, तडा तेवढा सोपा नसतो. इटलीतल्या क्रेमोनाचे व्हायोलिनवाले, अमेरिकेतले मँडोलिनवाले आणि मिरजेचे सतारमेकर, तिघांचंही काम वर्षानुवर्षं सरसावरच चाललं.

दुरुस्ती सुरू होती तेवढ्यात पुतण्यानं मोबाइलवर जुन्या मँडोलिनांच्या किमती शोधल्या आणि घरात एकदम शांतता पसरली. १९२०च्या दशकातलं गिब्सन कंपनीचं एफ-५ जातीचं, आत लॉइड लोअर यांची सही असलेलं मँडोलिन एक लाख डॉलरच्या वर जातं. आमचं मँडोलिन त्यातलं नव्हे, हे सांगायला मला फार वेळ लागला नाही. पण पुतण्याचा पुढचा प्रश्न रास्त होता. शंभर वर्षांचं लाकूड एवढं महाग कशानं होतं?

लोअर हे वादक आणि ध्वनिशास्त्रात रमणारे गृहस्थ. १९१९ ते १९२४ एवढाच काळ ते मिशिगनमधल्या कॅलमाझू गावी गिब्सनच्या कारखान्यात होते. तोवर मँडोलिनच्या तबलीला गोल किंवा लंबगोल भोक असायचं. लोअरनी व्हायोलिनसारख्या दोन वळणदार फटी आणल्या, दांडीचा मोकळा भाग लांबवला, आणि तबलीच्या आतल्या पट्ट्या बोटानं ठोकून, आवाज ऐकत तासायची पद्धत पाडली. त्या वळणदार फटी नुसत्या नक्षीच्या नाहीत. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की घुमणारा आवाज येतो, तशीच वाद्याच्या पोटातली हवा भोकातून आतबाहेर हिंदकळते आणि खालच्या स्वरांना भर देते. या हवेची जोरदार ये-जा होते ती भोकाच्या काठाने. मधल्या जागेचा त्या मानाने उपयोग कमी. २०१५ साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी व्हायोलिनबद्दल हे गणित मांडलं. तेवढ्याच क्षेत्रफळात काठ लांब करायचा तर भोक लांबोळकं आणि वळणदार हवं. व्हायोलिनची फट शतकानुशतकं बारीक बारीक बदलत गेली ती त्याच दिशेनं.

इतकं करूनही एफ-५ बाजारात पडलं. किंमत अडीचशे डॉलर, आणि मँडोलिनची हौस ओसरत आलेली. १९२४ संपता संपता लोअर कंपनीतून बाहेर पडले. पुढे १९४०च्या दशकात बिल मन्रो नावाच्या गायकाला मायामीतल्या एका न्हाव्याच्या दुकानात त्यांतलं एक, १९२३ सालचं, दीडशे डॉलरना मिळालं. ब्लूग्रास म्हणून ओळखला जाणारा संगीतप्रकार मन्रोनं याच मँडोलिनवर घडवला, आणि मग प्रत्येक ब्लूग्रासवाल्याला तसाच आवाज हवा झाला. म्हणजे त्या लाख डॉलरमधला मोठा वाटा लाकडाचा नाही, मन्रोच्या उजव्या हाताचा आहे. आमच्या मिरजेला हे कळायला अवघड जाऊ नये. १९व्या शतकाच्या मध्यापासून, संस्थानाच्या काळात हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतली माणसं वाद्यांकडे वळली. पण तंबोऱ्यातून स्वराचा बारीक कणही सुटू नये अशी सवय गावाला लागली ती अब्दुल करीम खाँसाहेबांसारखे किराणा घराण्याचे गवई इथे राहिले म्हणून.

तरी लाकूड खरंच काही बदलत नाही का? बदलतं. उसाचं चिपाड डोळ्यांसमोर आणा. त्यात चिवट धागे असतात, ते सेल्युलोज. त्यांना धरून ठेवणारा कडक भराव म्हणजे लिग्निन. आणि या दोघांच्या मध्ये आखूड, फांद्या फुटलेल्या साखळ्यांचं हेमिसेल्युलोज. लाकडातही तेच तिघं. यातलं हेमिसेल्युलोज सर्वांत हळवं. पाणी शोषण्यात ते पुढे आणि काळानुसार तुटण्यातही पुढे. तैवानच्या संशोधकांनी क्रेमोनाच्या स्ट्रादिवारी या नामांकित कारागिराच्या व्हायोलिनांमधलं मेपल लाकूड तपासून २०१७ साली दाखवलं, की सुमारे ३०० वर्षांत त्यातलं साधारण एक तृतीयांश हेमिसेल्युलोज विघटित झालंय. त्यामुळे असं लाकूड हवेतला ओलावा कमी धरतं. ओला पापड आणि तळणीला तयार असलेला खडखडीत पापड, दोन्हींवर टिचकी मारून बघा. ओलावा म्हणजे कंपनाला खाणारं पाणी. लाकूड हलकं आणि तरी ताठ राहिलं, तर तारेकडून आलेली ऊर्जा आतच न मुरता आवाज होऊन बाहेर पडते. तबलीसाठी स्प्रूस हे सूचिपर्णी झाडाचं लाकूड निवडतात तेही याचसाठी. वजनाला हलकं, पण रेषेच्या दिशेनं त्यात ध्वनी सेकंदाला पाचेक हजार मीटर वेगानं धावतो, हवेतल्या वेगाच्या जवळपास पंधरापट.

इथवर ऐकून पुतण्या खूश झाला होता. पुढचं त्याला आवडलं नाही.

२०१० साली अमेरिकेतल्या इंडियानापोलिसमध्ये २१ व्हायोलिनवादकांना काळोख्या खोलीत, डोळ्यांवर गडद चष्मे घालून सहा व्हायोलिनं वाजवायला दिली. तीन नवी, तीन जुनी, त्यांत दोन स्ट्रादिवारी. सर्वांत जास्त पसंती मिळाली एका नव्या वाद्याला, आणि सर्वांत कमी एका स्ट्रादिवारीला. पॅरिसला दहा नामवंत एकलवादकांवर याहून काटेकोर प्रयोग झाला. त्यातही सहा जणांनी नवंच उचललं. ‘वाजवून वाजवून वाद्य खुलतं’ हा समजही ऑस्ट्रेलियात तपासला गेला. जवळपास सारख्या लाकडाची दोन व्हायोलिनं एकाच कारागिराकडून करवून घेतली. एक संग्रहालयात ठेवलं, दुसरं व्यावसायिक वादकानं वाजवलं. तीन वर्षांनी वादकांना आणि श्रोत्यांना त्यांत ठळक फरक सांगता आला नाही.

रसायन खरं आणि कानाचा कौल वेगळा, यात मला विरोध दिसत नाही. आजचा चांगला कारागीर लाकूड नीट पारखून, सावकाश वाळवून त्याच गुणांच्या जवळ जातो. शिवाय आपल्यापर्यंत पोचलेली जुनी वाद्यं ही चाळणीतून उरलेली वाद्यं आहेत. बेसूर मँडोलिन कुणी शंभर वर्षं जपत नाही. ते पोरांच्या हाती जातं, मग अडगळीत, आणि शेवटी बंबात.

मिरजेच्या तंबोऱ्याशी तुलना केली की किमतीचा हा मामला आणखी मजेशीर होतो. मँडोलिनचे संग्राहक मूळ पॉलिशचा ओरखडासुद्धा जपतात. घासून नवं पॉलिश केलं की भाव निम्म्यापर्यंत घसरतो. तंबोऱ्याचं तसं नाही. त्याचा भोपळा भीमेकाठचा, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचा, जाड सालीचा आणि नीट वाळलेला. तो जितका मुरेल तितका बरा मानतात. पण तंबोऱ्याचा जीव असतो जवारीत, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या घासून घडवलेल्या माथ्यात, आणि ती जुनी होऊन चालत नाही.

घोडीचा माथा सपाट दिसतो, पण किंचित उताराचा असतो. कंपणारी तार या उतारावर टेकत, सुटत राहते. खाली सरकवलेला जीवा, म्हणजे सुताचा धागा, हे टेकणं नेमकं कुठे व्हावं ते ठरवतो. त्यामुळे तारेतली ऊर्जा खालच्या स्वरांतून वरच्या स्वरांशांत, म्हणजे मूळ स्वराबरोबर त्याच तारेतून निघणाऱ्या पटीतल्या उंच स्वरांत, सरकत राहते, आणि छेडल्यावर आवाज विझण्याऐवजी उमलत जातो. सी. व्ही. रामन यांनी कोलकात्यात काम करताना १९२१ साली यावर टिपण लिहिलं. साध्या तारेचा नियम असा, की जिथे छेडाल तिथे ज्या स्वरांशाचा निश्चल बिंदू असेल तो स्वरांश ऐकू येत नाही. तार बरोबर मध्यावर छेडली तर सम क्रमांकाचे स्वरांश गायब व्हायला हवेत. तंबोरा आणि वीणेत ते गायब होत नाहीत, चांगले खणखणीत ऐकू येतात. हे काम त्या घोडीचं, असं रामन यांनी दाखवलं.

आता ही जवारी हाडाची असो, शिंगाची असो की हल्लीच्या कृत्रिम पदार्थाची, पोलादी तार तिच्यात खाच पाडतेच. खाच पडली की तार टेकत-सुटत नाही, रुतून बसते आणि तंबोरा मुका होतो. मग तारा उतरवायच्या, कानशीनं माथा केसभर घासायचा, तारा चढवून ऐकायचं, पुन्हा उतरवायच्या. जवारी काढणाऱ्याला उतार मोजताना मी पाहिलं नाही, तो कानानंच मोजतो. म्हणजे आजोबांच्या तंबोऱ्यातून जो ‘जुना’ आवाज येतो, तो गेल्या वर्षी कुणी तरी नव्यानं घासून काढलेला असतो. संग्राहकाच्या हिशेबात हे वाद्य मूळ अवस्थेत नाही. गवयाच्या हिशेबात ते आत्ता कुठे लागलंय. मला गवयाचा हिशेब पटतो, आणि पुतण्याला अजून डॉलरचा.

मन्रोच्या मँडोलिनची कथा मी त्याला शेवटी सांगितली. १९८५ साली कुणी तरी घरात शिरून, शेकोटीच्या लोखंडी सळईनं ते फोडलं. गिब्सनच्या कारागिरांनी तुकडा तुकडा जुळवून ते परत उभं केलं, आणि मन्रो पुढची कितीक वर्षं तेच वाजवत राहिले. आज ते नॅशव्हिलच्या कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये आहे. मूळ अवस्था वगैरे तिथे कुणी विचारत नाही.

आमचं मँडोलिन चार महिन्यांनी जुळून आलं. तबलीवर पुराच्या पाण्याची एक फिकट रेघ राहिली आहे. चपड्याचं पॉलिश चढवताना ती घालवू का, असं कारागिरांनी विचारलं होतं. पुतण्या म्हणाला, राहू दे. काकांना मात्र ती रेघ दिसलीच नाही. त्यांनी कानाशी धरून आठही तारा जोडीजोडीनं लावल्या, एकदा छेडल्या, आणि दुसऱ्या जोडीतली एक तार अजून उतरतेय म्हणून खुंटी पुन्हा पिळायला घेतली.