टार्लमधली शनिवारची रात्र : 'द चेस'ची पार्श्वभूमी

मुंबईत शेरीफ म्हणजे नगरपाल. दिलीपकुमार, सुनील गावसकर यांनी भूषवलेले मानाचे पद, हाती सत्ता जवळपास नाही. टेक्ससमधला शेरीफ वेगळा. तो मतांवर निवडून येतो, गावचा कायदा त्याच्या हातात असतो आणि गावच्या धनवंताची मर्जी राखायची की कायदा, हा पेच त्याच्या पाचवीला पुजलेला. १९६६च्या 'द चेस'मध्ये मार्लन ब्रँडोचा शेरीफ काल्डर पहिल्यापासूनच इतका थकलेला का दिसतो, ते यातून उमगते.

कथा मुळात हॉर्टन फूट यांची, टेक्ससमधल्याच व्हॉर्टन या छोट्या गावात जन्मलेल्या लेखकाची. १९५२ मध्ये ती ब्रॉडवेवर नाटक म्हणून आली, १९५६ मध्ये फूट यांनी तिचीच कादंबरी केली. नाटकातला पळालेला कैदी बबर रीव्ह्ज शेरीफवर सूड उगवायला निघालेला आहे.

निर्माते सॅम स्पीगल यांनी पटकथा लिलियन हेलमन यांच्याकडे सोपवली आणि गोष्टीचा तोलच बदलला. १९५२ मध्येच हेलमनना कम्युनिस्टांचा शोध घेणाऱ्या संसदीय समितीपुढे उभे केले गेले होते. दुसऱ्यांची नावे सांगायला त्यांनी नकार दिला आणि हॉलिवूडची दारे त्यांना बराच काळ बंद झाली. गाव एखाद्याच्या मागे कसे लागते, हे या बाईंना कुणी शिकवायला नको होते.

त्यांचा बबर (रॉबर्ट रेडफर्ड) खुनी नाही. खून करतो त्याच्याबरोबर पळालेला कैदी, आळ येतो बबरवर. तो गावाकडे वळल्याची बातमी पसरते आणि टार्ल गाव हादरते, कारण जो तो काहीतरी लपवून बसलेला. त्याच्या बायकोचे, ॲनाचे (जेन फोंडा), गावच्या बड्या असामीच्या मुलाशी प्रेम जुळलेले आहे. एकाने लहानपणी केलेली चोरी बबरच्या माथी मारली गेली होती. लालबाग-परळमध्ये 'तडीपार' हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. तडीपारीची मुदत कायद्याने फार तर २ वर्षांची, पण माणूस परतला की कुणाच्या पोटात गोळा येतो हे चाळीतल्या पोरांनाही ठाऊक असते. टार्लची ती रात्र मला म्हणूनच परकी वाटत नाही.

नाटक आणि चित्रपट यांच्या मध्ये आणखी एक तारीख आहे : २४ नोव्हेंबर १९६३. डॅलसच्या पोलीस मुख्यालयात, भोवती पोलीस असताना, जॅक रूबीने केनेडींच्या खुनाचा आरोपी ऑस्वाल्डवर गोळी झाडली. ते दूरचित्रवाणीवर थेट दिसले. काल्डर बबरला जिवंत धरून तुरुंगाच्या पायऱ्यांपर्यंत आणतो तो प्रसंग ज्यांनी पाहिला आहे, त्यांना अधिक सांगायला नको.

दिग्दर्शक आर्थर पेन यांच्या हाती संकलन राहिले नाही. तो हक्क स्पीगलनी वापरला. पेन यांनी ही खंत पुढे उघडपणे बोलून दाखवली. पसरट जागा चित्रपटात आहेत, हे खरेच. पुढच्याच वर्षी त्यांनी 'बॉनी अँड क्लाइड' केला.

काल्डरला त्याच्याच कचेरीत मारतात तो भाग मात्र नीट पाहावा. रक्तबंबाळ होऊन तो बाहेर येतो तेव्हा ब्रँडोवरून नजर काढून बघ्यांच्या चेहऱ्यांकडे पाहा.