सीएमएसची लोकल उभारणी

आशय व्यवस्थापन प्रणाली, म्हणजे संकेतस्थळावरचा मजकूर लिहिण्याची आणि सांभाळण्याची सोय करणारी सीएमएस, जगाला दिसणाऱ्या सर्व्हरऐवजी स्वतःच्या संगणकावर बसवून तिथे संकेतस्थळाचे काम करण्याची पद्धत. काम करणारे या प्रतीला नुसते ‘लोकल’ म्हणतात आणि लोकांसमोर असलेल्या संकेतस्थळाला ‘लाइव्ह’. थीम (संकेतस्थळाचे दृश्य रूप) बदलून पाहणे, प्लगइन (वरून जोडलेली सुविधा) तपासणे, नवी आवृत्ती चढवणे, जुना कोड उचकटणे असली सगळी मोडतोड लोकलवर करता येते आणि लाइव्हच्या वाचकाला तिचा सुगावाही लागत नाही.

प्रणाली बसवणे हा यातला सोपा भाग आहे. सीएमएसचा संसार दोन ठिकाणी मांडलेला असतो : थोडा फायलींत, थोडा डेटाबेसमध्ये. लोकल आणि लाइव्ह या दोन घरांतला हा दुहेरी संसार जुळता ठेवताना खरी दमछाक होते.

साधी एचटीएमएल फाइल दोनदा क्लिक केली की ब्राउझरमध्ये उघडते. सीएमएसचे तसे नाही. वर्डप्रेस, ड्रुपल आणि जूमला या तिन्ही प्रणाली पीएचपी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिलेल्या आहेत, आणि पीएचपीची फाइल तशीच उघडली तर पानाऐवजी कोड समोर येतो. पान तयार व्हायला ब्राउझरकडून आलेली पानाची मागणी झेलणारा वेब सर्व्हर (बहुधा अपाची किंवा एंजिनएक्स), कोड चालवणारा पीएचपी आणि मजकूर पुरवणारा डेटाबेस (मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी) असे तिघे लागतात. लेख, प्रतिक्रिया, वापरकर्ते, मेनू आणि बहुतेक सेटिंग्ज डेटाबेसमध्ये राहतात. थीम, प्लगइन आणि अपलोड केलेली चित्रे फायलींत. चित्राची तर गंमतच आहे : चित्र फोल्डरमध्ये आणि त्याची नोंद डेटाबेसमध्ये. नुसता डेटाबेस उचलून आणला की सगळे लेख येतात आणि चित्रांच्या जागी मोकळ्या चौकटी दिसतात.

हे तिघे एकेकटे बसवून एकमेकांशी जोडणे पूर्वी चांगलेच खटाटोपाचे होते. तो वाचवण्यासाठी २००२ मध्ये अपाची फ्रेंड्स या प्रकल्पाने झॅम्प हा तयार संच काढला. नावातला पहिला ‘एक्स’ कोणत्याही ऑपरेटिंग सिस्टिमसाठी, मग अपाची, मायएसक्यूएल, पीएचपी आणि पर्ल. २०१५ मध्ये मायएसक्यूएलच्या जागी मारियाडीबी आला. त्याचेही आद्याक्षर ‘एम’च असल्याने नाव बदलावे लागले नाही. मॅम्प आणि वॅम्प ही याच कुळातली भावंडे. २०१२ मध्ये पीएचपीच्या ५.४ या आवृत्तीपासून भाषेतच एक छोटा सर्व्हर आला, त्यामुळे तात्पुरत्या कामाला अपाचीही लागत नाही. मात्र तो फक्त विकसनासाठी आहे, लाइव्हवर वापरायचा नाही.

संच चालू झाला की पुढचे काम थोडके. झॅम्पच्या ‘एचटीडॉक्स’ फोल्डरमध्ये सीएमएसच्या फायली टाकायच्या, पीएचपीमायॲडमिन हे डेटाबेस हाताळायचे पान उघडून एक रिकामा डेटाबेस करायचा आणि ब्राउझरमध्ये ‘लोकलहोस्ट’ असा पत्ता देऊन विचारलेली माहिती भरायची. २७ मे २००३ रोजी पहिली आवृत्ती निघालेल्या वर्डप्रेसची ‘पाच मिनिटांची उभारणी’ प्रसिद्ध आहे, आणि ती खोटी नाही. फक्त ती पाच मिनिटे खालचा संच धडपणे चालू लागल्यानंतर मोजायची असतात.

लोकलहोस्ट म्हणजे संगणकाने स्वतःलाच हाक मारण्याचे नाव. त्याचा अंकी पत्ता १२७.०.०.१. खरे तर १२७ ने सुरू होणारे सगळेच पत्ते या कामासाठी राखून ठेवले आहेत आणि ते १,६७,७७,२१६ भरतात. स्वगताला एवढी जागा क्वचितच कुणाला मिळाली असेल. नाव आणि अंक एकच, असे मानणे मात्र नेहमी खपत नाही. लिनक्स आणि मॅकवर मायएसक्यूएलला ‘लोकलहोस्ट’ सांगितले की ते नेटवर्कने न जाता सॉकेट नावाच्या एका विशेष फाइलीतून जाते; अंकी पत्ता दिला तर नेटवर्कची वाट धरते. सॉकेटची फाइल अपेक्षित जागी नसली की वापरकर्त्याचे नाव बरोबर, पासवर्ड बरोबर आणि तरी ‘डेटाबेसशी संपर्क होत नाही’ हीच पाटी. अशा वेळी नावाच्या जागी अंक लिहून पाहावेत. बरेचदा तेवढ्याने भागते.

दारांचीही एक भानगड असते. वेब सर्व्हर ८० क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे दारावर, बसतो, मायएसक्यूएल ३३०६ वर. त्या जागी दुसरा कुणी आधीच बसला असेल तर नवा सर्व्हर सुरूच होत नाही. मग ८०८० सारखे दुसरे पोर्ट धरतात. हे पोर्ट आधीच पक्के केलेले बरे, कारण वर्डप्रेस आपला पत्ता पोर्टसकट डेटाबेसमध्ये लिहून ठेवते आणि नंतर पोर्ट बदलले की जुन्याच दारावर थापा मारत बसते.

एकाहून जास्त संकेतस्थळे हाताळणारे प्रत्येकाला वेगळे नाव देतात आणि ते संगणकाच्या ‘होस्ट्स’ फाइलीत १२७.०.०.१ ला जोडतात. या नावाच्या शेवटी ‘डॉट टेस्ट’ लावावे. इंटरनेटच्या मानकांनी १९९९ पासून ते चाचणीसाठी राखून ठेवले आहे. पूर्वी सर्रास ‘डॉट डेव्ह’ लावत. पण ते खरेखुरे डोमेन निघाले, त्याची मालकी गूगलकडे गेली आणि २०१७ च्या अखेरीस क्रोमने त्याखालच्या प्रत्येक पत्त्याला एचटीटीपीएस, म्हणजे सुरक्षित जोडणी, सक्तीचे केले. एका अपडेटसरशी कितीतरी विकसकांच्या लोकल साइट उघडेनाशा झाल्या.

आता पत्त्याचे दुखणे. वर्डप्रेसच्या पर्यायांच्या तक्त्यात ‘साइटयूआरएल’ आणि ‘होम’ या दोन नोंदी असतात. लाइव्हचा डेटाबेस जसाच्या तसा लोकलवर आणला की त्या लाइव्हचाच पत्ता सांगतात. पान लोकलवर उघडले, दुव्यावर क्लिक केले, की माणूस नकळत लाइव्हवर पोहोचलेला असतो. तिथे तो निर्धास्तपणे लेख उडवतो. दोन्ही पाने दिसायला सारखीच, त्यामुळे शंका यायचे कारण नसते. लोकलच्या प्रशासन पट्टीला भडक रंग देऊन ठेवणे हा यावरचा साधा, पण खात्रीचा उपाय.

मग कुणी डेटाबेसची एसक्यूएल फाइल संपादकात उघडून जुना पत्ता शोधतो आणि सगळीकडे नवा घालतो. बहुतेक जागी हे चालते. काही जागी चालत नाही, आणि तिथे खूण काहीच राहत नाही. वर्डप्रेस अनेक सेटिंग्ज पीएचपीच्या मालिकाबद्ध रूपात साठवते आणि त्या रूपात प्रत्येक मजकुरापुढे त्याची लांबी लिहिलेली असते. ‘एचटीटीपी’, अपूर्णविराम, दोन तिरक्या रेघा आणि ‘लोकलहोस्ट’ मिळून रोमन लिपीत १६ अक्षरे होतात. त्याजागी १९ अक्षरांचा पत्ता घातला आणि पुढचा आकडा १६ च राहिला, तर हिशेब जुळत नाही म्हणून पीएचपी ती अख्खी नोंदच नाकारते. विजेट (पानावरच्या छोट्या चौकटी) गायब होतात, थीमची रचना मूळपदावर जाते. चूक झाल्याचा संदेश बहुधा येतच नाही. लांबी बाइटांत मोजली जाते, म्हणजे देवनागरीचे एकेक चिन्ह तीन भरते; तेव्हा हाताने आकडे दुरुस्त करण्याच्या फंदात पडू नये. डब्ल्यूपी-सीएलआय या आज्ञासंचातली ‘सर्च-रिप्लेस’ ही आज्ञा नोंद उलगडते, पत्ता बदलते आणि लांबी नव्याने लिहिते. ड्रुपल या फेऱ्यात फारसे सापडत नाही, कारण आपला पत्ता ते सहसा आलेल्या मागणीवरूनच ओळखते. शिवाय नोव्हेंबर २०१५ मध्ये आलेल्या ड्रुपल ८ पासून त्याची सेटिंग्ज वायएएमएल या साध्या मजकुराच्या फायलींत उतरवता येतात, म्हणजे ती कोडबरोबर गिटमधून (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनातून) प्रवास करतात. या एका बाबतीत ड्रुपलची मांडणी उजवी आहे.

मजकूर आणतानाही घात होऊ शकतो. मायएसक्यूएलमध्ये ‘यूटीएफ८’ नावाने जो चिन्हसंच, म्हणजे अक्षरे साठवण्याची रीत, बराच काळ मिळत होता, त्यात एका चिन्हाला तीनच बाइट होते. देवनागरी त्यात मावते, चार बाइटांचे इमोजी मावत नाहीत. पूर्ण रूप ‘यूटीएफ८एमबी४’ हे. वर्डप्रेसने ते २०१५ मध्ये ४.२ या आवृत्तीपासून स्वीकारले. लोकल आणि लाइव्हच्या चिन्हसंचांत फरक पडला की मराठी लेखांच्या जागी प्रश्नचिन्हांच्या रांगा उमटतात. मोठी फाइल पीएचपीमायॲडमिनमधून चढत नसेल तर दोष बहुधा फाइलीचा नसतो : पीएचपीची मूळ अपलोड मर्यादा २ एमबी आहे आणि ती सेटिंगमध्ये वाढवावी लागते.

‘माझ्या मशीनवर चालतंय’ हे वाक्य या व्यवसायात विनोद म्हणून सांगितले जाते आणि सबब म्हणूनही. त्यामागची कारणे ठरलेली असतात. लोकलवर पीएचपीची आवृत्ती एक, सर्व्हरवर दुसरी. विंडोज आणि मॅकची फाइलव्यवस्था सहसा रोमन अक्षरांच्या लहानमोठेपणाकडे दुर्लक्ष करते, सर्व्हरवर बहुधा असलेले लिनक्स करत नाही. त्यामुळे लोकलवर सापडणारी फाइल सर्व्हरवर ‘नाही’ ठरते. या तफावतीवर आधी २०१० मध्ये आलेल्या व्हेग्रंटने आणि मग २०१३ मध्ये आलेल्या डॉकरने उत्तर दिले : सर्व्हर, पीएचपी आणि डेटाबेस यांच्या आवृत्त्या एका फाइलीत लिहायच्या आणि ती फाइल प्रत्येकाच्या संगणकावर तसाच सर्व्हर उभा करते. डीडेव्ह आणि लँडो ही साधने डॉकरवरच बांधलेली आहेत. इथे लोकलहोस्टचा अर्थ पुन्हा बदलतो : कंटेनरच्या, म्हणजे डॉकरने उभ्या केलेल्या बंदिस्त खोलीच्या, आत तो शब्द त्या कंटेनरपुरताच असतो, म्हणून डेटाबेसचा पत्ता म्हणून त्याच्या सेवेचे नाव द्यावे लागते. आज सांघिक कामात झॅम्पपेक्षा कंटेनर बरे. एकट्याने शिकणाऱ्याला झॅम्प पुरतो, आणि त्यात तीन घटक वेगवेगळे दिसत असल्याने समजही चांगली येते. वर्डप्रेस प्लेग्राउंडमध्ये तर पीएचपी ब्राउझरच्या आतच चालते आणि डेटाबेसचे काम एसक्यूलाइट करते. तिथे काही बसवावेच लागत नाही.

लाइव्हची प्रत लोकलवर आणली की तिच्याबरोबर खऱ्या लोकांचे ईमेल पत्तेही येतात. चाचणीसाठी एखादी ऑर्डर पुरी केली आणि सूचनापत्र खऱ्या ग्राहकाला गेले, तर ते परत घेता येत नाही. म्हणून लोकलवर मेलपिटसारखा सापळा लावतात. बाहेर निघालेले प्रत्येक पत्र त्यात अडकते आणि वाचताही येते. डेटाबेसमधली नावे-पत्ते आणतानाच पुसून टाकणे त्याहून चांगले. वर्डप्रेस ५.५ पासून, म्हणजे २०२० पासून, ही प्रत लोकल आहे की लाइव्ह हे प्रणालीला सांगता येते. काहीच सांगितले नाही तर ती स्वतःला लाइव्ह समजते. झॅम्पमध्ये डेटाबेसच्या ‘रूट’ खात्याला सुरुवातीला पासवर्ड नसतो, हेही ध्यानात असू द्यावे : असा संच दुसऱ्यांना पोहोचता येईल अशा जागी उघडा ठेवायचा नसतो.

चुकांचे संदेश लोकलवर पूर्ण उघडे ठेवतात आणि लाइव्हवर झाकतात. वर्डप्रेसमध्ये ‘डब्ल्यूपी डीबग’ ही खूण चालू केली की जुनाट प्लगइनांचे पितळ लगेच उघडे पडते.

काम झाले की परतीचा प्रवास. कोड गिटमधून लाइव्हकडे जातो. डेटाबेसच्या पासवर्डची फाइल आणि अपलोडचे फोल्डर गिटबाहेर ठेवतात. डेटाबेस मात्र उलट दिशेने, लाइव्हकडून लोकलकडेच यावा असा संकेत आहे. लोकलवर आठवडाभर थीम घडत असताना लाइव्हवर प्रतिक्रिया आलेल्या असतात, नवे सभासद नोंदलेले असतात. आठवड्यापूर्वी आणलेला डेटाबेस पुन्हा वर चढवला तर ते सगळे एका झटक्यात पुसले जाते. म्हणून लोकलवर केलेली मेनूची किंवा सेटिंगची जुळणी लाइव्हवर पुन्हा हाताने करतात, किंवा तेवढ्यासाठी छोटी पीएचपी स्क्रिप्ट लिहून कोडबरोबर पाठवतात. हाताने करणारे आपले बदल कागदावर टिपून ठेवतात.