नागपूरच्या हवेत टिकणारं केकचं तयार पीठ

मे महिन्यात घरी करून ठेवलेलं केकचं तयार पीठ जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत छान फुगतं, आणि ऑगस्टमध्ये त्याच डब्यातल्या पिठाचा केक बसतो. दोष बहुतेक वेळा ओव्हनवर जातो, नाहीतर मैद्यावर. खरं कारण डब्यातच असतं. मैदा, बेकिंग पावडर, मीठ आणि दुधाची पावडर एकत्र करून ठेवली म्हणजे एक रासायनिक क्रिया आपण मध्येच थांबवून ठेवलेली असते. तिला थांबवून धरतो तो फक्त कोरडेपणा. पाणी मिळालं की ती सुरू होणार, मग ते पाणी आपण मापून घातलेलं दूध असो की झाकणाच्या फटीतून आत शिरलेली पावसाळी हवा.

म्हणून कुठल्या तरी थंड, कोरड्या देशातली कृती उचलून नागपुरात तशीच करू नये, असं माझं ठाम मत आहे. इथे २०१३च्या मे महिन्यात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. उन्हाळ्यात दुपारी हवेतली सापेक्ष आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास उतरते, आणि तीच ऑगस्टमध्ये ८०च्या घरात असते. एकाच डब्याला एका वर्षात ही दोन्ही टोकं सोसायची असतात.

आधी फुगण्याचं गणित पाहू. खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. त्याला आम्ल भेटलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो. चहाचा एक सपाट चमचा, म्हणजे साधारण ५ ग्रॅम सोडा पूर्णपणे खर्ची पडला, तर नेहमीच्या तापमानाला जवळजवळ दीड लिटर वायू मिळतो. आम्ल नसेल तर नुसत्या उष्णतेनेही सोडा फुटतो, पण वायू निम्माच निघतो आणि मागे सोडियम कार्बोनेट उरतं. साबणासारखी चव आणि पिवळट रंग येतो तो त्यामुळे.

सोडा आणि आम्ल एकाच पुडीत कोरडं ठेवायची युक्ती इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्याने १८४३मध्ये केली. त्याच्या बायकोला यीस्ट सोसत नसे, म्हणून यीस्टशिवाय फुगणारा पाव त्याला हवा होता. दोन्ही पावडरींच्या मध्ये त्याने स्टार्च घातला. तो स्टार्च आजही जवळजवळ प्रत्येक बेकिंग पावडरीत असतो आणि त्याचं काम मोलाचं आहे: सोड्याचे आणि आम्लाचे कण एकमेकांपासून दूर ठेवायचे आणि हवेतून येणारा ओलावा आधी आपण पिऊन टाकायचा. पुढे अमेरिकेत एबेन हॉर्सफर्ड या रसायनशास्त्रज्ञाने १८५६मध्ये कॅल्शियम फॉस्फेटवर आधारलेल्या आम्लाचं पेटंट घेतलं. जर्मनीत ऑगस्ट ओटकर यांनी १८९१मध्ये अर्धा किलो पिठाला एक पुडी असं माप बांधून दिलं. तेव्हापासून बेकिंग पावडर अंदाजाने टाकायची गरज उरली नाही.

बाजारातल्या आजच्या बहुतेक बेकिंग पावडरी दोन टप्प्यांत काम करतात. काही आम्ल पाणी लागताच कामाला लागतं, बाकीचं गरम झाल्यावर. डबीच्या मागे घटकांच्या यादीत ५००(ii) दिसलं तर तो सोडा, ३४१(i) म्हणजे पाण्यात लगेच जागं होणारं फॉस्फेट आणि ४५०(i) म्हणजे प्रामुख्याने ओव्हनच्या उष्णतेत काम करणारं. साठवणीच्या पिठासाठी अशी दोन टप्प्यांची पावडरच घ्यावी. थोडा ओलावा शिरून पहिला टप्पा वाया गेला, तरी दुसरा बराचसा शाबूत राहतो. घरी सोडा आणि लिंबूसत्त्व मिसळून पावडर करणारे करतात, पण लिंबूसत्त्व पाणी ओढून घेतं आणि एकदा ओलं झालं की सगळं आम्ल एकदमच कामाला लागतं. ताज्या केकला ते चालेल, डब्यात भरून ठेवायला नाही. पावडर सुटी घेऊ नये, मग ती इतवारीतल्या कितीही ओळखीच्या किराणा दुकानातली असो. उघड्या पोत्यात तिने किती पावसाळी हवा प्यायली असेल, ते कळायला मार्ग नाही. घरातली जुनी पावडर वापरायची असेल तर अर्धा चमचा पावडर अर्धा कप गरम पाण्यात टाकून पाहावी. लगेच फसफसून वर आली तर ठीक. चार बुडबुडे येऊन पाणी शांत झालं तर ती टाकून द्यावी.

आता तुपाचा प्रश्न. पिठात बेकिंग पावडर आधीच मिसळायची कल्पना ब्रिस्टलच्या हेन्री जोन्स यांची, पेटंट १८४५चं. जहाजावरच्या खलाशांना दगडासारख्या कडक बिस्किटांऐवजी ताजा पाव मिळावा, हा त्यामागचा हेतू. त्यात स्निग्ध पदार्थ नव्हता. तो घातलेलं तयार पीठ अमेरिकेत १९३१मध्ये ‘बिस्क्विक’ या नावाने बाजारात आलं, आणि आज इंटरनेटवर ज्या कृती फिरतात त्या बहुतेक त्याच वळणाच्या आहेत. त्यात मैद्याला लोणी किंवा वनस्पती तूप चोळून ठेवतात.

हे चोळणं आपल्याला नवं नाही. शंकरपाळ्यांच्या, करंज्यांच्या पिठाला आपण मोहन घालतो ते याचसाठी. मैद्यात ग्लियाडिन आणि ग्लुटेनिन ही दोन प्रथिनं असतात. पाणी मिळून मळलं की त्यांची लवचीक जाळी होते, तिलाच ग्लुटेन म्हणतात. पिठाच्या कणाभोवती तुपाचा थर बसला की पाणी प्रथिनांपर्यंत सहज पोचत नाही, जाळी तुटक राहते आणि पदार्थ खुसखुशीत होतो. मूठ आवळली की मुटका व्हावा आणि बोट लावलं की फुटावा, ही घराघरांतली परीक्षा म्हणजे हा थर पुरेसा बसला का, याचीच तपासणी आहे.

पण डब्यात महिनाभर राहणाऱ्या पिठात नागपुरात मोहन घालू नये. लोण्यात सुमारे १६ टक्के पाणी असतं, म्हणजे १०० ग्रॅम लोण्याबरोबर आपण १६ ग्रॅम पाणी बेकिंग पावडरीच्या शेजारी नेऊन ठेवतो. तुपात पाणी जवळजवळ नसतं, पण ते ३५ अंशांच्या आतच वितळतं. मे महिन्यात ओट्यावरच्या डब्यात ते दिवसभर पातळ राहून पिठात झिरपतं, पिठाचे गोळे होतात. शिवाय खवटपणा आहेच. स्निग्ध पदार्थाची हवेतल्या ऑक्सिजनशी होणारी क्रिया तापमान दर १० अंशांनी वाढलं की साधारण दुप्पट वेगाने होते. २५ अंशांना जे पीठ दोन महिने चांगलं राहील, ते ४५ अंशांना पंधरवड्यातच वास मारू लागेल. मोहन घालायचंच असेल तर ते तूप घालावं आणि पीठ फ्रिजमध्ये ठेवावं. नाहीतर कोरडं पीठ कोरडंच ठेवून तूप-तेल आयत्या वेळी घालणं, यात काहीच तोटा नाही.

हाच विचार कणकेला लागू पडतो. गव्हाच्या कोंड्यात आणि अंकुरात तेल असतं, ते फोडणारं लायपेज नावाचं विकरही असतं. चक्कीतून आणलेल्या कणकेत दळणामुळे दोघांची गाठ पडते. थालीपिठाची भाजणी महिनोन्महिने टिकते, कारण भाजताना पाणी उडून जातं आणि हे विकर निकामी होतं. केकचं पीठ तसं खमंग भाजून चालत नाही. ग्लुटेनची ताकद जाते आणि केकला जाळी पडत नाही. म्हणून कणकेचं तयार पीठ पंधरा दिवसांपुरतंच करावं.

प्रमाण असं: १ किलो मैदा, ३५ ग्रॅम बेकिंग पावडर, १० ग्रॅम बारीक मीठ, १०० ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर. साखर घालू नये. धिरडी-पॅनकेकना वेगळी लागते, केकला वेगळी, आणि तिखट मफिनना नकोच असते. दुधाच्या पावडरीतलं लॅक्टोज आणि प्रथिनं भाजताना एकमेकांशी क्रिया करतात, त्यातून केकच्या वरच्या बाजूला तांबूस रंग आणि खमंग वास येतो.

खरी मेहनत मिसळण्यात आहे. ३५ ग्रॅम पावडरीत सोडा असतो जेमतेम १० ग्रॅम, आणि तो किलोभर मैद्यात सारखा पोचला पाहिजे. सगळं एकदम परातीत ओतून हात फिरवला तर तो पोचत नाही. औषधं तयार करणारे वापरतात ती रीत वापरावी. ३५ ग्रॅम पावडरीत आधी तेवढाच मैदा घालून नीट कालवायचा. झाले ७० ग्रॅम. त्यात पुन्हा ७० ग्रॅम मैदा. असं पाच वेळा दुप्पट केलं की किलो पार होतो आणि पावडर प्रत्येक चमच्यात जवळपास सारखी असते. शेवटी मीठ, दूध पावडर घालून दोनदा चाळायचं. डबा हलला की मोठे कण वर येतात आणि बारीक खाली सरकतात. म्हणून मीठ जाडं नको, आणि दर वेळी पीठ काढण्याआधी डब्यात चमचा तळापासून फिरवावा.

मिसळणं जमलं की नाही, ते पाहायला हळद पुरते. हळदीतलं कर्क्युमिन आम्लात आणि उदासीन द्रावणात पिवळं असतं, अल्कलीत तांबडं होतं. ढोकळ्यावर कधी कधी लाल ठिपके उठतात ते त्यामुळेच. दोन चमचे तयार पीठ पाण्यात कालवून त्यात चिमूटभर हळद घालायची आणि तव्यावर रुपयाएवढं धिरडं टाकायचं. एकसारखं पिवळं भाजलं तर काम फत्ते. लाल ठिपके दिसले तर सोड्याच्या गाठी राहिल्यात, पीठ पुन्हा चाळायचं. धिरडं सगळंच तांबूस झालं तर सोडा आम्लापेक्षा जास्त आहे.

साठवणीचं थोडक्यात. मैदा ओलसर वाटला तर पावडर मिसळण्याआधी उन्हात घालावा, पूर्ण निवू द्यावा. तयार पीठ मात्र कधीही उन्हात ठेवू नये. ५० अंशांपुढे सोडा आपोआप फुटायला लागतो, आणि मे महिन्यातल्या गच्चीवर ती पातळी सहज ओलांडली जाते. घट्ट झाकणाचा स्टीलचा किंवा काचेचा डबा, काठोकाठ भरलेला. पोरकिडे ३० ते ३५ अंशांत झपाट्याने वाढतात, म्हणून नवा मैदा चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवून मग वापरला तर त्यातली अंडी मरतात. पावसाळ्यात फ्रिजमधून काढलेला डबा लगेच उघडू नये. थंड पिठावर दमट हवेतलं पाणी दवासारखं बसतं, आणि आपणच क्रिया सुरू करून देतो. बाहेरून डबा घामेजायचा थांबला की उघडावा.

वापरताना दुधाचं माप ऋतूप्रमाणे थोडं हलतं. उन्हाळ्यात मैदा सुकलेला असतो, दोन-तीन चमचे दूध जास्त पितो. ऑगस्टमध्ये तेवढंच कमी लागतं. आणि दुधाऐवजी संत्र्याचा रस घालायचा असेल, जो नागपुरात घालायलाच हवा, तर एक हिशेब लक्षात ठेवावा. बेकिंग पावडरीतला सोडा आणि आम्ल एकमेकांना पुरून उरत नाहीत, त्यामुळे रसातलं आम्ल वरचं ठरतं आणि केक आंबटसर, फिका होतो. रसात आम्ल साधारण पाऊण ते एक टक्का धरलं तर एका कपात दीड ते दोन ग्रॅम सायट्रिक आम्ल येतं, आणि त्याला दोन ते अडीच ग्रॅम सोडा पुरतो. म्हणजे कपभर रसाला जवळपास अर्धा चमचा सोडा वरून. कपभर दह्यालाही साधारण तेवढाच. संत्री हिवाळ्यातल्या आंबिया बहाराची असतील तर अर्धा चमचा पूर्ण घ्यावा. फेब्रुवारी-मार्चमधला मृग बहार गोड असतो, त्याला पाव चमच्याहून थोडा जास्त पुरे. हा सोडा मैद्याच्या डब्यात नाही, त्या दिवशीच्या पिठात चाळून घालायचा, आणि रस ओतल्यावर मिश्रण भांड्यात ठेवून न देता लगेच ओव्हनमध्ये टाकायचा.