एका घाण्याचे पाच नमुने आणि पाच वेगळे घाणे: पुनर्मोजणी व पुनःप्रयोग

काजू बी वाफवून फोडणाऱ्या कारखान्याचा नफातोटा अखेरीस एकाच टक्केवारीवर येऊन ठेपतो: शंभर गरांमागे अख्खे किती निघाले आणि पाकळी वा तुकडा किती झाला. बाजारात डब्ल्यू-३२० म्हणून ओळखला जाणारा माल म्हणजे पौंडाला ३०० ते ३२० भरणारे पांढरे अख्खे गर. तोच गर फोडताना दुभंगला की त्याचा भाव पडतो. म्हणून वाफेचा दाब किती ठेवावा, बी किती मिनिटे वाफवावे आणि फोडण्यापूर्वी किती तास पसरून थंड होऊ द्यावे, हे प्रयोग करून ठरवण्याचा विचार गोव्यातल्या सत्तरी किंवा डिचोलीतल्या एखाद्या कारखानदाराच्या मनात येणे स्वाभाविक आहे. असा प्रयोग फसतो तो बहुधा गणितात नव्हे, तर त्याआधीच, पुनर्मोजणीला पुनःप्रयोग समजल्यामुळे. कारखान्यात दोहोंना सरसकट ‘रिपीट’ म्हणतात, आणि गोंधळाची सुरुवात तिथूनच होते.

एका दाबावर एक घाणा, म्हणजे कुकरमध्ये एका वेळी भरलेले बी, वाफवला, त्यातून पाच ठिकाणचे नमुने काढले आणि प्रत्येकातले अख्खे गर मोजले, तर ती पुनर्मोजणी झाली. त्याच दाबावर पाच स्वतंत्र घाणे काढले, म्हणजे दर वेळी कुकर रिकामा केला, नवे बी भरले, दाब पुन्हा लावला आणि प्रत्येक घाण्याचा निदान एक नमुना मोजला, तर तो पुनःप्रयोग झाला. कागदावर दोन्हीकडे पाचच आकडे दिसतात, पण पहिले पाच एकाच आईची लेकरे आहेत. त्यांच्या वाट्याला एकाच पोत्यांतले बी, एकच कामगार, बॉयलरची एकच अवस्था आणि त्या दिवसाचीच हवा आलेली असते. त्या घाण्यात काही बिघडले असेल तर ते पाचही आकड्यांत सारखेच उतरते आणि आकडे आपसांत जुळतात म्हणून कोणाला संशयही येत नाही.

फरक किती मोठा असतो, हे एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा, अख्ख्या गरांच्या टक्केवारीत एका घाण्यापासून दुसऱ्या घाण्यापर्यंत पडणाऱ्या फरकाचे प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून साधारण किती दूर पसरतात, त्याचे माप) २ आहे आणि एकाच घाण्यातल्या नमुन्यांमधले १ आहे. एका घाण्याच्या पाच नमुन्यांची सरासरी काढल्यास तिचे प्रसरण (म्हणजे प्रमाण विचलनाचा वर्ग) ४ अधिक (१ भागिले ५), म्हणजे ४.२ येते आणि त्याचे वर्गमूळ सुमारे २.०५ भरते. नमुने पाचाऐवजी वीस घेतले तरी ते २.०१ पर्यंतच उतरते, कारण त्यातला ४ हा आकडा नमुन्यांच्या संख्येने भागलाच जात नाही. पाच स्वतंत्र घाणे काढून प्रत्येकाचा एकच नमुना मोजला, तर मात्र ४ अधिक १ ही बेरीजच पाचाने भागली जाते आणि अनिश्चितता १ वर येते. याहून घातक गोष्ट अशी की, एकाच घाण्याचे पाच नमुने स्वतंत्र मानणारा माणूस आपली चूक १ भागिले पाचाचे वर्गमूळ, म्हणजे ०.४५ एवढीच धरतो. प्रत्यक्षात ती त्याच्या साडेचारपट असते, आणि एरवी पडणाऱ्या फरकालाच तो दाबाचा परिणाम समजून बसतो.

ही चूक केवळ कारखान्यांपुरती नाही. स्टुअर्ट हर्लबर्ट या परिसंस्थाशास्त्रज्ञाने १९८४ मध्ये १७६ प्रायोगिक अभ्यास तपासले, तेव्हा त्यांतल्या २७ टक्क्यांत हा दोष आढळला. सांख्यिकीय अनुमान काढणारे अभ्यासच तेवढे विचारात घेतले, तर हे प्रमाण ४८ टक्के होते. रोनाल्ड फिशर १९१९ मध्ये रॉथॅमस्टेडच्या शेतकी संशोधन केंद्रात रुजू झाले आणि तिथल्या कामातून त्यांनी प्रयोगरचनेचे शास्त्र उभे केले, तेव्हा पुनःप्रयोगाबरोबरच यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारख्या क्रमालाही त्यांनी पायाचे स्थान दिले होते. शेतात मुळात हा गोंधळ होणे कठीण असते, कारण वाफा डोळ्यांसमोर असतो. कुकरच्या बाबतीत ‘वाफा’ कोणता, हे आपणच ठरवावे लागते. तो ठरवण्याची कसोटी अशी: ज्या एककाला मांडणी, म्हणजे दाब, वेळ वगैरेंची ठरवलेली पातळी, स्वतंत्रपणे लावली गेली, ते एकक मोजावे. दाब घाण्याला लावला जातो, बीला नाही.

इथे एक बारीक खाच आहे. सकाळी दाब लावला आणि व्हॉल्व्हला हात न लावता लागोपाठ तीन घाणे काढले, तर तो पुनःप्रयोग म्हणावा का? बी बदलले, पण दाब लावताना झालेली चूक तिन्ही घाण्यांत तीच राहिली. माझ्या मते त्याला अर्धाच पुनःप्रयोग म्हणावे लागेल. व्हॉल्व्ह बंद करून दर वेळी नव्याने दाब लावण्याचा पर्यवेक्षकांना कंटाळा येतो, आणि तो समजण्यासारखाही आहे. पण उद्या दुसरा कामगार दाब लावेल तेव्हा पडणारा फरक त्याशिवाय आपल्या हिशोबात येतच नाही. पावसाळ्यात दमट हवेत साठवणीतले बी ओलावा धरते, म्हणून एका मांडणीचे सगळे घाणे एकाच आठवड्यात उरकणे हेही त्याच जातीचे दुखणे आहे. त्यावर चिठ्ठ्या टाकून घाण्यांचा क्रम ठरवावा.

‘एवढे घाणे परवडणार नाहीत’ हा आक्षेप खरा आहे, पण त्याचे उत्तर प्रयोगाच्या आखणीतच आहे. दाब, वेळ आणि थंड करण्याचा काळ यांच्या प्रत्येकी दोन पातळ्या घेतल्या, तर आठ जोडण्या होतात. या आठ घाण्यांपैकी चार कमी दाबाचे आणि चार जास्त दाबाचे असतात. तेच आठ घाणे वेळेच्या आणि थंड करण्याच्या काळाच्या तुलनेलाही चार-चार असे उपयोगी पडतात. एका वेळी एकच गोष्ट बदलून तेवढीच अचूकता मिळवायची, तर मूळ मांडणीचे चार आणि प्रत्येक बदलाचे चार असे सोळा घाणे लागतील, आणि दाब वाढवला की वेळ कमी करावा लागतो का, हे कळणार नाहीच. मधल्या पातळीवरचे तीन-चार घाणे सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी विखरून घातले की घाण्या-घाण्यांतल्या मूळ फरकाचा अंदाजही हाती येतो.

पुनर्मोजणी निरुपयोगी आहे असे नाही. एकाच घाण्यातले काही बी जास्त आणि काही कमी वाफवले जाते का, हाच प्रश्न असेल, तर एका घाण्याचे अनेक नमुनेच हवेत. आणि मोजणाऱ्यांमध्ये एकवाक्यता आहे का, हे पाहायचे असेल, तर एकच नमुना दोघांकडून मोजून घ्यावा. गोव्यातल्याच वेर्ण्याच्या औषध कारखान्यात एका कोटिंग पॅनमधल्या (गोळ्यांवर लेप चढवणाऱ्या फिरत्या भांड्यातल्या) तीस गोळ्यांची वजने त्या पॅनमधल्या एकसारखेपणाविषयी बरेच सांगतात, पण पॅनचा वेग बदलल्याने काय झाले, हे ठरवताना ती तीस वजने मिळून एकच साक्षीदार ठरतात.

म्हणून नोंदवहीत ‘घाणा क्रमांक’ आणि ‘नमुना क्रमांक’ असे दोन वेगळे रकाने ठेवावेत, प्रत्येक घाण्याच्या नमुन्यांची आधी सरासरी काढावी आणि पुढचा हिशोब त्या सरासऱ्यांवरच करावा. आठ घाण्यांचे पाच-पाच नमुने असले, तरी विश्लेषणात चाळीस नव्हे, आठच आकडे जातात.