गाझातून उपचारासाठी बाहेर पडायचं तर: परवानगी नेमकी कुठे अडते

गाझा शहरापासून पूर्व जेरुसलेममधलं ऑगस्टा व्हिक्टोरिया रुग्णालय जेमतेम ऐंशी किलोमीटर, म्हणजे मुंबईहून लोणावळा. गाझात रेडिओथेरपीची सोय युद्धाआधीही नव्हती, त्यामुळे कर्करोगाच्या अनेक रुग्णांना तिथे जाण्यावाचून गत्यंतर नसायचं. वाट उत्तरेला इस्रायलमध्ये उघडणाऱ्या एरेझ नाक्यावरून, आणि त्यासाठी इस्रायलची परवानगी लागायची. ७ ऑक्टोबर २०२३ ला गाझावर सत्ता असलेल्या हमासने इस्रायलवर हल्ला केला आणि युद्ध सुरू झालं, तेव्हा ती बंद झाली. आताची पद्धत वेगळी आहे, तिच्याबद्दल पुढे लिहिलं आहे. पण आधी जुनी समजून घ्यायला हवी, कारण रुग्ण आजही साधारण त्याच जागी अडकतात.

क्रम सोपा होता. डॉक्टरांचा अहवाल, त्यावर रुग्णाला बाहेर पाठवण्याचं पॅलेस्टिनी आरोग्य मंत्रालयाचं संदर्भपत्र आणि खर्चाची हमी, मग बाहेरच्या रुग्णालयाची तारीख. ओळखपत्रांच्या प्रतींसह हे सगळं पॅलेस्टिनी नागरी व्यवहार कार्यालयात द्यायचं. ते पुढे इस्रायली समन्वय कार्यालयाकडे पाठवणार. रुग्णाने स्वतः तिकडे अर्ज घेऊन जाण्याची सोय नव्हती. २०२० च्या मे महिन्यात पॅलेस्टिनी प्राधिकरणाने (वेस्ट बँकमधल्या पॅलेस्टिनी सरकारने) इस्रायलशी समन्वय थांबवला तेव्हा मधला हा दुवाच तुटला आणि काही महिने जागतिक आरोग्य संघटनेला तात्पुरती व्यवस्था उभी करावी लागली. कागद पूर्ण असूनही ते पुढे सरकवणारं कुणी नाही, अशी गत.

सगळ्यात जास्त घोळ दिवसांच्या हिशेबात व्हायचा. तातडीच्या नसलेल्या अर्जासाठी २०१७ पासून २३ दिवसांची मुदत होती, त्याआधी ती १० दिवसांची होती. हे दिवस कामाचे. शुक्रवार-शनिवार वजा करा, म्हणजे सरळ महिना गेला. त्यात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ज्यूंचे सण एकापाठोपाठ एक येतात, तेव्हा आणखी उशीर. म्हणजे रुग्णालयाने तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली आणि अर्ज त्याच दिवशी गेला, तरी तो मुळातच उशिरा गेलेला असायचा. आणि २३ दिवस म्हणजे उत्तर मिळण्याची हमी नव्हे. तारीख उजाडली तरी ‘तपासणी सुरू आहे’ एवढंच कळायचं. हा नकार नाही, त्यामुळे दाद तरी कशाविरुद्ध मागणार? तारीख हुकली की रुग्णालयाकडून नवी घ्यायची आणि अर्ज पुन्हा पहिल्यापासून. केमोथेरपीच्या रुग्णाला तर हे दर फेरीला. एकदा परवानगी मिळाली म्हणजे पुढच्या वेळी मिळेलच असं नाही.

होकार आला तरी तो बऱ्याचदा आदल्या संध्याकाळी, मोबाइलवर संदेश म्हणून. म्हणून पिशवी भरलेली आणि गाडी सांगून ठेवलेली असावी लागे.

दुसरी अडचण पात्रतेची, आणि ती अहवालातल्या शब्दांशी बांधलेली. इस्रायली निकष असा होता की जीव किंवा अवयव वाचवणारा उपचार हवा आणि तो गाझात मिळत नसावा. आता गुडघ्याचं दुखणं, ऐकू न येणं, डोळ्याची हळूहळू जाणारी नजर या निकषात कसे बसणार? ‘पुढील तपासणीसाठी पाठवत आहे’ असं मोघम लिहिलेला अहवाल हातचा अर्ज घालवतो. नेमका कोणता उपचार, तो गाझात का होत नाही (यंत्र नाही, औषध संपलंय की तज्ज्ञ नाही), आणि थांबलं तर काय बिघडेल, ही तिन्ही उत्तरं अहवालातच हवीत. रुग्णाने डॉक्टरांना हे आग्रहाने सांगावं. यात संकोच नको.

तिसरी गोष्ट सोबत येणाऱ्या माणसाची. सोबत्याचा अर्ज वेगळा तपासला जायचा आणि रुग्णाला होकार, सोबत्याला नकार हे अगदी नेहमीचं होतं. सोबती शक्यतो जवळच्या नात्यातला लागायचा, आणि तरुण वा मध्यमवयीन असला की सुरक्षा तपासणी लांबायची. म्हणून लहान मुलाबरोबर आईच्या जागी आजी जायची. घरात पंचावन्नच्या पुढचं कुणी असेल तर पहिल्या अर्जातच त्यांचं नाव घालणं शहाणपणाचं असायचं. आईच गेली पाहिजे हे कुणालाही पटेल, पण नकारानंतर नाव बदलायचं म्हणजे मुदत नव्याने सुरू व्हायची. त्यात मुलाची तारीख जायची.

चौथी, सुरक्षा चौकशी. काही रुग्णांना आणि सोबत्यांना मुलाखतीसाठी एरेझला बोलावलं जायचं. तासन्‌तास बसवून ठेवायचे आणि प्रश्न आजाराबद्दल कमी, नातेवाईक-शेजाऱ्यांबद्दल जास्त. नातेवाईक हमासमध्ये आहे म्हणून आजारी बाईला अडवण्याचं धोरणही काही काळ होतं. ऑगस्ट २०१८ मध्ये गाझातल्या गंभीर आजारी महिलांच्या याचिकेवर इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने ते अमान्य केलं. अल मीझान, गिशा, हामोकेद आणि इस्रायलमधली ‘फिजिशियन्स फॉर ह्यूमन राइट्स’ या मानवी हक्क संस्था अशी प्रकरणं लढवतात. मात्र तारीख उलटून गेल्यावर त्यांच्याकडे जाण्यात फारसा अर्थ नाही, उत्तर रखडलंय असं दिसताच जावं.

या अडथळ्यांचा परिणाम आकड्यांत दिसतो. २०१२ मध्ये दहातल्या नऊ रुग्णांना परवानगी मिळत होती, २०१७ मध्ये ते प्रमाण ५४ टक्क्यांवर आलं. परवानगी नाकारल्यानंतर किंवा रखडल्यानंतर त्या एका वर्षात ५४ रुग्ण दगावले, त्यातले ४६ कर्करोगाचे.

परवानगी हाती आल्यावरही नाका ओलांडणं हा वेगळाच व्याप असायचा. हमासची चौकी, पुढे प्राधिकरणाची चौकी, मग जाळीने बंदिस्त केलेला लांबलचक रस्ता आणि शेवटी इस्रायली दालनात अंगझडती. रुग्णवाहिकेतल्या रुग्णाला नाक्यावर एका गाडीच्या स्ट्रेचरवरून दुसऱ्या गाडीच्या स्ट्रेचरवर घ्यायचं. गाझाची गाडी पलीकडे जात नसे. ऑगस्ट २०१७ पासून कडक कवचाची सूटकेस, लॅपटॉप, खाण्याचे पदार्थ, साबण-शॅम्पूसुद्धा नेता येत नव्हते. महिनाभराच्या उपचाराला निघालेल्या माणसाने साबण नेऊ नये, यातली सुरक्षा ज्याची त्याने समजून घ्यावी.

वेस्ट बँक या पॅलेस्टिनींच्या दुसऱ्या भूभागातल्या रुग्णांसाठी एक खुलासा. पंचावन्नपुढचे पुरुष आणि पन्नाशीपुढच्या स्त्रिया परवान्याविना जेरुसलेममध्ये जाऊ शकतात, हा नियम अजून तोंडोतोंडी सांगितला जातो. ऑक्टोबर २०२३ नंतर तो गृहीत धरू नये. नाक्यावरून परत फिरण्यापेक्षा निघण्याआधी रुग्णालयाच्या समन्वय कक्षाला विचारलेलं बरं.

आता गाझाची नवी पद्धत. अर्जाऐवजी यादी आहे. गाझातल्या डॉक्टरांचा अहवाल कुणाला बाहेर पाठवायचं हे ठरवणाऱ्या संदर्भ समितीकडे जातो. तिथून रुग्णाची माहिती जागतिक आरोग्य संघटनेमार्फत दुसऱ्या देशाकडे जाते. त्या देशाने उपचार स्वीकारायला हवा, आणि रुग्ण व सोबती दोघांनाही इस्रायलची सुरक्षा मंजुरी हवी. मे २०२४ मध्ये इजिप्तच्या सीमेवरचा रफाह नाका बंद झाल्यावर बरेच रुग्ण इस्रायलच्या सीमेवरच्या करेम शालोम नाक्यावरून नेले गेले. इजिप्त, संयुक्त अरब अमिराती, कतार, जॉर्डन, इटली यांनी रुग्ण घेतले. यादीत नाव असणं आणि निघायचा दिवस ठरणं यात महिने जातात, आणि वाट पाहणारे दहा हजारांहून जास्त आहेत.

इथे सगळ्यात मोठी अडचण अहवालाची. गाझातलं कर्करोगाचं तुर्की-पॅलेस्टिनी मैत्री रुग्णालय नोव्हेंबर २०२३ मध्ये इंधनाअभावी बंद पडलं आणि मार्च २०२५ मध्ये उडवून दिलं गेलं. जुने तपास मागायचे कुणाकडे? जवळ जो काही कागद उरला असेल, बायोप्सीचा निकाल, स्कॅन, औषधांची चिठ्ठी, त्याचा फोटो काढून गाझाबाहेरच्या नातेवाइकाला पाठवून ठेवावा. अहवाल जुना असेल आणि प्रकृती खालावली असेल तर नवा करून घ्यावा, कारण कुणाला आधी न्यायचं हे त्यातल्या नोंदींवरूनच ठरतं. आणि संपर्काला दोन क्रमांक द्यावेत, दुसरा वेगळ्या ठिकाणी राहणाऱ्या नातेवाइकाचा. तंबू बदलला, चार्जिंग संपलं, नेटवर्क गेलं की बोलावणं पोचत नाही.